न पेरल्याचे पैसे

तालुका नव्हे, काउंटी म्हणायचं इथे.
पश्चिम कॅन्ससमध्ये, रुळांपलीकडच्या धान्यकोठारामागे
आमचं तीन टेबलांचं सरकारी ऑफिस.

व्हर्लिन क्रूझ टोपी काढून बसतो,
नकाशावर बोट ठेवतो : हा तुकडा, ओढ्याकाठचा.
दहा वर्षं नांगर लावायचा नाही,
त्याबद्दल सरकार एकरी अडतीस डॉलर देणार.
"बापाला कळलं तर थडग्यातून उठेल,"
म्हणतो, आणि सही करतो.
दाबून. खालच्या प्रतीवर उमटावी तशी.

यादी मीच टाइप करते.
पहिलं नाव शिकागोतल्या कुठल्याशा ट्रस्टचं,
पत्ता एकविसाव्या मजल्यावरचा,
बुटाला माती लागायची सोय नाही.
व्हर्लिन सत्तेचाळिसावा.
त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

परवा गेले त्या तुकड्यावर, पाहणीला.
गवत कमरेएवढं.
पाय टाकला तशा
भर्रकन सात-आठ रानकोंबड्या उडाल्या
आणि मी, बावीस वर्षं नोकरी झालेली कारकून,
फॉर्म छातीशी धरून
चक्क किंचाळले.

फॉर्मवर त्यांच्यासाठी रकाना नव्हता.
शेरा लिहिला : पीक नाही.
गाडीत बसल्यावर दिसलं,
मोज्यांना कुसळंच कुसळं.
घरापर्यंत काढली नाहीत.