रकाना सहा

केप कोस्टच्या संगीत विभागात मी कारकून.
दर ऑगस्टला प्राध्यापकांची वर्षं टाइप करते:
लेख किती, रचना किती, कुठे वाजल्या.

डॉक्टर बेन्त्सिल यांचा लेख अकरा पानी,
जाळं ओढणाऱ्यांच्या हाळीवर. तळटीपा चौसष्ट.
आणि त्याच हाळीतून उचललेली
चार तंतुवाद्यांची एक रचना.

तालमीत चेलोवाला पोरगा मध्येच थांबला.
"सर, इथे कुणी गात नाही.
इथे पाय रेतीत रुततात."
सरांनी चष्मा काढला,
मग खोडरबर मागायला माझ्याकडे आले.
तीन मात्रा खोडल्या. कागद जरा फाटलाच.

आता रकाना सहा: सहलेखक.
त्यांनी लिहिलंय, कोजो अमिसा, दुसरं वर्ष,
आणि खाली बारीक अक्षरात
त्याच्या बापाच्या होडीचं नाव.

वरच्या कार्यालयातून फॉर्म परत आलाय:
होडी ही मान्यताप्राप्त संस्था आहे का?

उत्तर मलाच टाइप करायचंय.
पंख्याने कागद उडतायत,
त्यांच्यावर तेच खोडरबर ठेवलंय.
माझे मामाही ओढायचे जाळं, एल्मिनाला.
मी टेबलावर बोटं आपटत जाते
आणि त्या तीन मात्रांशी
हात आपोआप
वरच राहतो.