तीन इंच

मार्च संपायला नऊ दिवस.
झोनच्या भिंतीवर खडूने लिहिलेलं टार्गेट,
माझ्या पिशवीत पाण्याची बाटली, सुतळी, लाखेची कांडी
आणि चौदा वर्षांपूर्वी मिळालेली मोजमापाची टेप.

गोळीबार चौकाच्या मागे, जिथे दोन सायकली
एकमेकींना विचारल्याशिवाय पुढे जात नाहीत,
तिथे यमुनाबाई निनावेंचं घर.
थकबाकी सहा हजार चारशे बारा.
पुढे मागाची खोली, मागे टिनाखाली चूल.
मी सगळं मोजलं. न्हाणी मोजली.
जिना मोजला, जो कुठल्याच मजल्यावर जात नव्हता.
टिनापुढे लिहिलं : पक्के बांधकाम.

वर्धा रोडच्या लॉनवर
नोटीस घेऊन मी एकदाच गेलो.
कारंजं होतं. बारा फुटी झुंबर होतं.
नवरदेवाच्या घोडीसाठी वेगळं फाटक.
मॅनेजर डागांनी मठ्ठा पाजला, फाईल उघडली :
मोकळा भूखंड. वरचं सगळं तात्पुरतं.
झुंबर तात्पुरतं. संगमरवर तात्पुरता.
एक कोटी सोळा लाखांवर स्थगिती,
ती तेवढी पक्की, अकरा वर्षं उभी.
खोटं कशाला बोलू,
पुढे साहेबांच्या मुलाचं रिसेप्शन तिथेच झालं,
मी संत्रा बर्फी दोनदा घेतली.
टेप पिशवीतून काढलीच नाही.
तीस मीटरच्या टेपला एवढं मोकळं
मोजवत नाही.

तर यमुनाबाई.
चाळीस वर्षं नऊवारी विणलेली बाई,
डोळ्यांवर हात धरून माझी टेप बघत होती.
"भाऊ, याचं तोंड कुठी गेलं?"

तुटलं, म्हणालो, केव्हाचंच.
कुणाच्या तरी दारात अडकून. तीनच इंच.

"म्हणजे तुमचं मोजणं तिनापासून सुरू होते."

काही बोलली नाही मग. उठली,
वितीवितीने भिंत चालत गेली
या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत,
परत आली आणि चार बोटं
माझ्या रजिस्टरवर आडवी ठेवली.
"एवढं घर माह्यं नाही."

बोटांखालचा रकाना कोरा होता.
हे काय, तिने विचारलं.
तात्पुरतं, मी म्हणालो.
"मंग त्याच्यात लिहा ना मले.
मी तरी कुठी पक्की आहो."

ती हसली. मला हसता आलं असतं
तर बरं झालं असतं.
लाख उन्हाने आधीच मऊ पडली होती.
मागाच्या खोलीला सील लावलं.
आत अर्धी साडी होती,
काठापर्यंत आलेली.

नवीन टेपसाठी अर्ज केला.
शेरा आला : आहे ती चालू स्थितीत.

रात्री झोप येत नाही तेव्हा हिशेब करतो.
चौदा वर्षं, दिवसाला सात-आठ घरं,
दर भिंतीमागे चार बोटं.
पाचपावली, टिमकी, बंगाली पंजा...
जोडत गेलो तर एक अख्खी वस्ती होते,
भिंती नसलेली, दारं नसलेली.
तिथे कुणी राहत नाही.
तिची वसुली
शंभर टक्के आहे.