एकास एक

पौनीकरांची गड्डी आली की मशीनसुद्धा खोकतं.
भिवापुरी मिरचीचा खकाणा नोटांच्या घड्यांत बसलेला;
इतवारी शाखेत एकोणतीस वर्षं
मी त्यांचे पैसे शिंकत मोजत आलोय.

त्या शनिवारी मशीन मध्येच अडलं.
पाचशेचीच नोट, पण तांबूस,
तिच्यावर किल्ल्यासारखा मठ
आणि कडेला वळवळणारा ड्रॅगन.

“ही चालणार नाही.”
“काऊन? लिवलं तं हाये ना पाचशे!”

मग त्यांना आठवलं.
कामठी रोडच्या नर्सिंग होस्टेलातली पोट्टी,
भूतानची. दोन किलो नेली.
“मसाल्याले नाई जी, भाजीच करते म्हणे मिरचीची!
म्या म्हटलं, बाई, तू तं सावजीवाल्याले रडवशीन.
हासली, अन् नोट देऊन म्हणे,
अंकल, एकास एक.”

खोटं नव्हती बोलली.
मी परिपत्रकांची फाइल काढली, टाचण्या गंजलेल्या.
एकास एक, बरोबर. पण तिकडे.
जयगावच्या फाटकापाशी म्हणे चहावाला
दोन्ही नोटा एकाच डब्यात टाकतो.
इतवारीत तो डबा नाही.

आणि इथून जाणाऱ्याला?
त्याला मी डॉलर देऊ शकत नाही.
देश परका, पण परकीय चलनाला मनाई.
आपलेच रुपये न्या,
शंभरापर्यंतच्या नोटा हव्या तेवढ्या,
मोठ्या नोटांना मोजमाप.
माझ्या फॉर्मवर रकाने दोनच, देशी आणि विदेशी.
पेन मधल्या रेघेवर टेकून राहिलं.

झिरो माइलच्या खांबावर
शिवनी आहे, बैतूल आहे, जबलपूर आहे,
मैल कोरलेले.
त्या पोरीच्या गावाचा मैल कुणी कोरणार?
तरी इकडे आपला रुपया पाय घसरून पडला
की तिच्या डोंगरातला पैसाही पडतो,
त्याच दिवशी, तेवढाच,
तिथल्या कुणाचा पाय न घसरता.
हे तिला नर्सिंगच्या पुस्तकात शिकवत नसतील.

माझ्या खिशात पाचशे होते.
बदलून देता आले असते. सुचलंही.
पण काउंटरच्या आत बसलेल्या माणसाला
खिसा नसतो.
स्लिपवर लिहिलं: एक नोट परत.
पौनीकरांनी बंडीच्या आतून दुसरी काढली,
काहीतरी पुटपुटले, जे मी ऐकलं नाही
असं दोघांनी ठरवलं.

पंधरा दिवसांनी आले ते लाल वही घेऊनच.
“आली होती जी देचेन. लाजली बिचारी.
स्टायपंड झाला का आणून देतो म्हणे.
नोट वापस देत होतो तं घेईना,
म्हणे, तोवर ठेवा तारण.”

वहीत तिचं पान उघडलेलं.
डावीकडे: मिरची, दोन किलो, येणे पाचशे.
उजवीकडे टाचणीने लावलेली ती नोट,
ड्रॅगनची शेपटी पानाबाहेर.

“तुमच्या मशीनले नाई समजत,
पन माह्या वहीत तं दोन्हीकडं सारखंच हाये.
सांगा साहेब,
बाकी काय लिवू?”

मागे रांग वाढत होती.
मी गड्डी हातात घेतली, रबर काढलं,
मशीनमध्ये लावली,
आणि शिंक यायची वाट पाहिली.