इतिवृत्तात न घेतलेले

सूर. बुधवार, जूनचा दुसरा आठवडा.
हजर अकरा, रजेवर दोन.
विषय क्रमांक सहा:
मशिदीमागच्या गल्लीत राहणारे एकटे पुरुष
गॅरेजांच्या पलीकडे, माळावर हलवण्याबाबत.
अर्जाखाली एक्केचाळीस सह्या, एक अंगठा.

एवढं मी टाईप केलं.
खालचं केलं नाही.

मुसल्लम बिन जुमआ उभा राहिला.
आमच्याकडे नगरसेवक म्हणतात, तसा;
फक्त मागे पोरं नाहीत,
चौकात वाढदिवसाचा फ्लेक्स नाही.
तीनशे बारा मतांचा माणूस,
त्यातली निम्मी नात्यातली, हे स्वतःच सांगतो.
दिशदाशाच्या खिशात मोजपट्टी.
वॉर्ड बघायला जातो तो दुपारी तीनला.
सावली कुठे नाही ते तेव्हाच कळतं, म्हणतो.

म्हणाला, तक्रार खोटी नाही.
रात्री अकराला मासळी तळल्याचा वास,
गच्चीभर लुंग्या,
आणि दारात चपला. मोजल्या मी. चोवीस जोड.
बायका तिथून जाताना पावलं उचलतात.
माझ्या बहिणीचीही सही आहे, नवव्या ओळीत.

मग चष्मा पुसला.
म्हणाला, त्या गल्लीत एक कडुनिंब आहे.
तो आपण लावलेला नाही,
आपला नळही तिथे पोचत नाही.
तरी सात वर्षांत छपराच्या वर गेला.
तीन दुपारी मी समोरच्या पायरीवर बसून राहिलो.
एसीच्या नळीखाली बादली ठेवतात ती माणसं.
भरली की घरात जो असेल तो ओततो.
पाळ्या नाहीत, तक्ता नाही,
सूचक नाही, अनुमोदक नाही.
शाळेची बस त्याच सावलीत थांबते.
अर्जदारांची मुलं तिथेच उतरतात.

अध्यक्ष म्हणाले, विषयावर या.

येतोय, म्हणाला.
माझा बाप कुवेतला गवंडी होता,
इथे रस्ता नव्हता तेव्हाची गोष्ट.
एका खोलीत सूरची नऊ पोरं.
तिथेही कुणीतरी अर्ज केला होता.
बाप सांगायचा, सामान उचलायचं दुःख नव्हतं,
सामान होतंच किती.
भिंतीला चुना दिला होता, आदल्याच शुक्रवारी,
आपल्या पैशाने.

कुणी खोकलं.
कुणी खजुराची बी बशीत ठेवली,
तिचा आवाज झाला.
मग, विषय पुढील सभेपर्यंत तहकूब.
अध्यक्ष माझ्याकडे वळले:
बापाचं लिहू नका.
झाडाचंही राहू दे.

जिन्यात मुसल्लमने गाठलं.
"मयेकर, अर्जातलं घर क्रमांक चौदा,
तुमचंच ना?"
मी हो म्हटलं.
एकवीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं टाईप केली,
स्वतःचा एक शब्द इतका जड कधी गेला नव्हता.
वाटलं, आता हा काहीतरी मोठं बोलणार.

तो म्हणाला, तुमची बादली तळाला फुटली आहे.
निम्मं पाणी उंबऱ्याशीच सांडतं,
शेवाळ धरतं, परवा एक म्हातारी घसरली.
अंगठा तिचाच आहे.
नवी घ्या. आणि चपला आत काढत जा.
एवढं बोलून खाली उतरला,
रस्त्याच्या कडेला वाकून
कसल्यातरी खड्ड्याला पट्टी लावू लागला.

काल सुकातून निळी बादली आणली,
एक रियाल दोनशे बैसा.
संध्याकाळी म्हातारीच्या दारापुढची फरशीही घासली,
रफीक आणि मी.
ती आतून बघत होती, काही बोलली नाही.

चपलांचं मात्र जमत नाही.
चोवीस जोड आत घेतले
तर दोन माणसांनी झोपायचं कुठे?
हे पुढच्या सभेत कुणी विचारलं
तर शब्दशः घेईन म्हणतो.