फटींचं घर

आमच्या बेटावर झाड नाही.
वारा अडवायला काही नाही, म्हणून आम्ही तो कामाला लावतो:
फळीफळीत बोटभर फट सोडून बांधलेली खोपी,
आत मेंढीचं मांस टांगलेलं, ऑक्टोबरपासून नाताळपर्यंत.
मीठ नाही, धूर नाही. नुसता वारा.

बाबा गेले तो सोमवार होता.
आदल्या दिवशी समुद्र असा, की
त्यात बघून दाढी करावी.
पलीकडच्या गावच्या तीन होड्या कॉडनं भरून आल्या.
बाबा काळा कोट घालून प्रार्थनेच्या सभागृहात बसले होते;
रविवारी जाळं ओलं करायचं नाही.
सोमवारी निघाले. सोमवारी हवा फिरली.
चौथ्या दिवशी एक वल्हं आलं,
आणि डब्याचं झाकण.

थोरला शूरुर म्हणाला,
"रविवार पाळून गेले. हात स्वच्छ होते त्यांचे."
धाकटा होग्नी काही बोलला नाही.
तेरा वर्षांचा होता. त्यानं सूप संपवलं.

लोक म्हणतात, त्याच आठवड्यात त्याची श्रद्धा बुडाली.
मीही तसंच सांगायचे, सोपं पडायचं.
पण त्यानंतर अकरा वर्षं तो माझ्या शेजारी उभा राहून
सगळ्यांच्या वरच्या पट्टीत गात होता.
मग एका सकाळी, सभेला निघताना,
उजव्या बुटाची नाडी बांधता बांधता
हात थांबला.

वडीलधारे तीन संध्याकाळी येऊन बसले.
कॉफी प्याले, आणि कारण शोधत राहिले,
परक्या स्वयंपाकघरात चमचे शोधावेत तसं.
पुस्तकं? कोपनहेगन? एखादी मुलगी?
बाबांचं नाव कुणी काढलं नाही.
होग्नी म्हणाला, "वाकलो होतो.
उठायचं कशासाठी, ते आठवेना."

शूरुरला मी विचारलं, तू कसा राहिलास?
तो होडीला डांबर लावत होता, मान वर न करता म्हणाला,
"रात्री जिना उतरताना
तू पायऱ्या मोजतेस का?"
उत्तर मला आवडलं, आणि रागही आला;
कारण तोच जिना होग्नीचाही होता,
चौदा पायऱ्यांचा, तिसरी करकरणारी.

एक सांगते, जे त्यांनी एकमेकांना सांगितलेलं नाही.
शूरुरची लेक दवाखान्यात होती त्या जानेवारीत
खोपीतून आवाज आला म्हणून मी गेले.
टांगलेल्या मांसाच्या मधोमध उभा राहून
तो देवाला शिव्या घालत होता,
डेकवर घालतात तसल्या, नाव घेऊन, एकेक.
फटींतून बर्फाचा भुगा आत येत होता.
मग त्यानं टोपी घातली, घरी गेला,
आणि जेवणाआधी हात गुंफले.

आणि होग्नी. त्याला कुणाची मनाई नाही आता,
तरी रविवारी होडी काढत नाही.
"इंजिन बघायचंय," म्हणतो.
बावीस वर्षं दर रविवारी
त्याचं इंजिन बिघडतं.

एकाच मेंढीच्या दोन मांड्या, एकच आढं, एकच वारा,
आणि एक मुरते, एक नाही.
आई नुसतं नाक लावून सांगायची कुठली कुठली.
का, असं विचारलं तर म्हणायची, खिळ्याला विचार.
माझ्या भावांपैकी कोण मुरलं,
हे मी नाक लावून बघत नाही.
आईचं नाक माझ्याकडे आलंय, तरीही.

नाताळला दोघं येतात.
मांस टेबलावर, बटाटे, लोणी.
शूरुर प्रार्थना म्हणतो. लांबलचक, बाबांची.
होग्नी सुरी धरून थांबतो, आमेन होईपर्यंत
पातं मांसाला टेकवत नाही.
डोळे मात्र उघडे असतात त्याचे.

मला माहीत आहे,
कारण माझेही.