झाकणं

नाशिकला समुद्र नाही.
तरी एकतीस वर्षं मी लाटाच करतोय
दिंडोरी रोडवरच्या लांब शेडमध्ये.
चाळीस मीटर काचेची टाकी, टोकाला फळी,
फळीमागे मोटर, मोटरमागे मी.
कुठल्या धरणासाठी, कोकणातल्या कुठल्या जेटीसाठी,
मागाल त्या उंचीची.
थेटेकाका, अजून एक लाट, म्हणतात पोरं,
पंगतीत भाजी मागावी तसं.

मार्चात केतकी बोरस्ते आली.
काका, यंदा धरण नाही. दक्षिण ध्रुव.
म्हटलं, बर्फ कुठला आणू?
पिंपळगावच्या शीतगृहातला, द्राक्षांशेजारचा?
हसली. बर्फ नको, मेण.
मेणाचा पातळ पत्रा, एक कड भिंतीत जखडलेली,
बाकी सगळा पाण्यावर पडून.
हा बर्फाचा सज्जा, जमिनीवरून समुद्रात निघालेला.
आणि त्याच्यापुढे तो सुटासुटा गोठलेला समुद्र,
त्याला काय घेऊ या, सांगा.

मी झाकणं सांगितली.
निमाणी स्टँडवरच्या टपऱ्या, दोन मंगल कार्यालयं,
भंगारवाला रफीक.
चार हजार झाकणं, पाण्याच्या बाटल्यांची,
निळी, पांढरी, धुऊन, वाळवून.
ओतली आणि टाकीचा आवाजच गेला.
इकडून लाट निघे तरतरीत,
झाकणांत शिरे, आणि ती खुळखुळत
तिला आपसात वाटून घेत,
जत्रेत सुट्टे पैसे संपावेत तशी संपे.
मेणापर्यंत पोचे तो नुसता उसासा.

हलकी वस्तू. हिशेबात कुणी धरत नाही.

मग केतकीनं चाळणी दिली हातात.
रोज दोनशे काढायची.

बाराव्या दिवशी मेणाची कड हलली.
आपटली वगैरे नाही. लाट मारत नाही हो,
लाट वाकवते.
वर, खाली, केसभर.
डोळ्यांना दिसलंच नसतं;
मेणावरून उडालेला दिव्याचा कवडसा
छताच्या पत्र्यावर डुलायला लागला, म्हणून कळलं.
लांब पल्ल्याच्या लाटा तर झाकणं असतानाही थोड्या जायच्या.
आता त्यांना वाटेत विचारणारंच कोणी नव्हतं.

मोहाडीला माझा मेहुणा मांडवाची तार तोडतो,
पक्कड सापडली नाही की नुसत्या हातानं.
इकडे, तिकडे, इकडे, तिकडे.
तुटायच्या आधी ती बोटांना गरम लागते.
मेणानं तेवढंही सांगितलं नाही.
एकोणिसाव्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत,
कुणी बघत नसताना,
हातभर तुकडा सुटला.
आलो तर टाकीत फिरत होता,
गिऱ्हाईक नसलेल्या रिक्षासारखा.

पेल्यातला बर्फ वितळला तर पाणी चढत नाही,
मी म्हटलं, शाळेत शिकलोय.
बरोबर, म्हणाली ती. पण हा अडसर आहे, काका.
दाराला टेकून मागे
डोंगरावरचा सगळा बर्फ उभा आहे.

आमच्याकडे पूर मोजायला दुतोंड्या मारुती.
गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी,
एका हाकेत गावाला कळतं.
तिथं असा कोणी उभा नाही.
छत नाही, कवडसा नाही.

संध्याकाळी मोटर बंद केली.
केतकीला हे माहीत नव्हतं, मला एकतीस वर्षं माहीत आहे:
बटण बंद होतं, टाकी होत नाही.
पाणी त्या टोकाला जातं, येतं, पुन्हा जातं,
अर्धा अर्धा तास.
झाकणं होती तेव्हा लवकर निजायची ती.
आम्ही दोघं थांबलो, चहा न घेता.

घरी धुण्यात खिशातून तीन झाकणं निघाली.
इंदू म्हणाली, हे काय आता नवीन?
मी ती भरल्या बादलीत सोडली
आणि बादलीला हळूच पाय लावला.