झुकतं माप

एकतीस वर्षं मी इंदूरचे तराजू तपासले.
सियागंजची किराणा गल्ली, छावणीतलं धान्य,
संयोगितागंजची भाजी.
लोखंडी वजन उलटं केलं की पोटात भोक दिसतं,
भोकात शिसं, शिशावर सरकारी ठसा.
खोट बहुधा तिथेच.
कुणी शिसं खरवडतो, कुणी पारड्याखाली चिंच चिकटवतो,
आणि कुणी काहीच करत नाही,
तरी वजन झिजतं, नुसतं हाताळून.

पाळकसाहेब आदामाबद्दल बोलू लागले
की मला ते शेवटचं वजन आठवायचं.
मागच्या बाकावर बसून मी मंडळी जोखायचो,
कोण किती ग्रॅम कमी.
अमोलिकबाई चाळीस : वरच्या पट्टीत गाऊन शेजारणीला दाबतात.
खजिनदार शंभराच्या पुढे.
स्वतःला काट्यावर कधी चढवलं नाही.
निरीक्षकाच्या बुडाला भोक शोधायला
कोण येणार होतं?

एका मे महिन्यात धापूबाईचा तराजू जप्त केला.
अर्ध्या किलोच्या जागी दगड ठेवत होती.
कचेरीत दगड जोखला, पाचशे सहा भरला.
पण दगड तो दगड. कलम होतं. पावती फाडली.
ती पारड्याच्या साखळ्या गोळा करत राहिली,
त्याही जप्त आहेत, असं मी सांगेपर्यंत.

त्याच दुपारी सियागंजात एका गादीवर
आधी चहा आला, मग पाकीट,
आणि पोत्यामागे दीड किलो खाणारा काटा
मी पास केला.
पाकिटातून थोरलीची पुस्तकं आली.
दशमांशही दिला. हो, त्यातूनही.
दहातला एक काढताना माझा हात कधी चुकला नाही.

धापू. माळव्यात मुलीमागून मुलगी झाली की ठेवतात हे नाव.
पोट भरलं, आता पुरे, असं देवाला कळवायला.

परवा शुलमितने मटार मागवले.
पाय प्लास्टरमध्ये, पण हात मोकळे आहेत म्हणाली,
पडल्या पडल्या सोलीन.
संयोगितागंजात तीच जागा, तीच बाई, दात गेलेले.
आता काटा विजेचा. हिरवे आकडे थरथरले,
एक किलोवर थांबले.
मग तिने ओंजळभर शेंगा उचलल्या
आणि काट्याला न विचारता पिशवीत टाकल्या.
"याचे किती?" मी विचारलं.
"ऊपर का है बाबूजी. इसका हिसाब नी होता."

ओळखलं का तिने?
नसेल ओळखलं, तर ती ओंजळ कुणाच्याही वाट्याची होती.
ओळखलं असेल, तर
पिशवी इतकी जड का लागत होती ते कळतं.

घरी आलो आणि काय केलं असेल?
ओट्यावरच्या काट्यावर पिशवी ठेवली.
एक किलो एकशे पंचेचाळीस.
आतून शुलमित : "काय करताय?"
"जोखतोय."
"कमी भरले?"
"नाही."
"मग आणा इकडे. भूक लागलीय."

दुसऱ्या दिवशी सांगायचं ठरवून गेलो.
दगडाचं, पाकिटाचं, सगळं.
गिऱ्हाइकं होती. माझी पाळी आली
आणि तोंडातून निघालं, "कोथिंबीर."
तिने जुडी दिली. वर दोन मिरच्या.

रविवारी पापांगीकाराच्या वेळी
सगळे आमेनपर्यंत पोचले.
मी, जो ती प्रार्थना परवान्यासारखी घडाघडा वाचायचो,
अडकलो होतो कचेरीतल्या टेबलापाशी,
दगड हातात घेऊन.

पाचशे सहा.
गिऱ्हाइकाकडे सहा ग्रॅम झुकलेला.
तेव्हाही.